हसरी कवटी

पहूरजवळ, आपलं गाव
१९ फेब्रुवारी २०२५

नर्सबाई प्रज्ञाताईस,
तुझ्या एकुलत्या एक मावसभावाचा, म्हणजे जीवनचा, कडक जय भीम.

तू म्हणालीस म्हणून कागदावर लिहू राहिलो. नाहीतर दहावीच्या पेपरानंतर (दोन्ही वेळच्या) मी पेन फक्त कान खाजवायला वापरलाय. तुझा मोबाईल गेला तो माझ्यामुळे, हे मान्य. पण मी केलं काय? तुमच्या रेक्टर मॅडमला प्राचार्यांच्या आवाजात फोन केला आणि म्हणालो, उद्या पोरींना नाश्त्याला शिरा द्या. त्यांनी खरंच दिला! शिरा खाताना एकीनं तरी तक्रार केली का? आणि नंबर भावाचा निघाला म्हणून बहिणीचा मोबाईल कपाटात. धुळ्याचा न्याय असाच असतो का?

आता बातमी. बन्सीलालभाऊच्या शेतातला हरभरा निघाला. यंदा मशीन लावलं. मावशी, म्हणजे तुझी माय, नेहमीसारखी सगळ्या बायांना घेऊन बांधावर गेली. म्हणाली, "भाऊ, सरवा कधी उघडा करता? पडलेलं वेचून घेतो."

बन्सीलालभाऊ म्हणे, "यशोदाबाई, ज्यानं कापलं त्याचा सरवा, हे तुम्हीच म्हणायच्या ना? यंदा मशीननं कापलं. मशीन गेलं पंजाबला. तिकडं जाऊन मागा."

सगळे गडी हसले. मावशी पण हसली. मग म्हणाली, "मशीन घुगऱ्या खातं का, भाऊ?"

तेव्हा तो नरमला. म्हणाला, वेचा. पण तोवर बातमी फुटली होती. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून बाहेरगावच्या बाया येणार होत्या. त्या आल्या असत्या तर आपल्या वस्तीच्या वाट्याला घरटी ओंजळसुद्धा आली नसती. मग तुझ्या भावानं डोकं चालवलं. डब्याचा पत्रा कापला, लाल ऑइलपेंटनं लिहिलं: "सावधान! या शेतात विषारी औषध टाकले आहे. सरवा वेचू नये. हुकुमावरून." खाली कवटी काढली. काढता काढता ती हसरीच झाली, सगळे दात बाहेर, एक पडलेला. बोर्ड रस्त्याच्या तोंडाला ठोकला.

टेम्पो आला, थांबला, एकीनं वाचलं, शिव्या दिल्या, टेम्पो परत. आपल्या बायांना मी आधीच सांगून ठेवलं होतं: कवटी हसत असली की समजायचं जीवनचा बोर्ड, म्हणजे खोटा. खुशाल जा.

समाजमंदिराच्या ओट्यावर हरभऱ्याचा ढीग लागला, कमरेएवढा. मावशीनं नेहमीसारखं घरटी सारखं वाटलं. ज्या म्हाताऱ्या वेचायला येत नाहीत त्यांच्या घरीसुद्धा नेऊन दिलं. कुणी विचारलं नाही बोर्ड कुणाचा, सगळे हसत होते.

आता सांग, भाऊ हुशार का नाही?

तुझा,
जीवन

•

धुळे, होस्टेल
२६ फेब्रुवारी २०२५

जीवन्या,

जय भीम. पत्र वाचून रूममधल्या सगळ्याजणी हसल्या. मी पण हसले. नंतर लाईट गेली आणि अंधारात बसल्यावर हसू गेलं.

टेम्पोतल्या बाया कोण होत्या रे? त्यांच्याकडे काय विहिरी-बागा आहेत? त्याही आपल्या मायसारख्याच. त्या दिवशीचं टेम्पोचं भाडं त्यांनी खिशातून भरलं आणि रिकाम्या पिशव्या घेऊन घरी गेल्या. हुकूम कुणाचा होता, तुझा?

बोर्ड काढून टाक. औषधाच्या नावानं मजा करायची नाही. आमच्या वॉर्डात आठवड्याला दोन तरी केसेस येतात औषधाच्या. तुला बघवणार नाहीत.

आणि फोनवर मला कधी खरं सांगत नाहीस, आवाज काढत बसतोस, म्हणून कागदावर विचारते, कागदावर उत्तर दे. रेशनच्या मशीनवर मायचा अंगठा लागला का? गुडघा कसा आहे? ती मला निरोप पाठवते, "मजेत आहे, धान्य भरपूर आहे." धान्य भरपूर कुठून आलं ते तू लिही.

माझी परीक्षा २४ मार्चपासून. पास झाले तर पुढच्या वर्षी मायला इकडे आणायचा विचार आहे.

प्रज्ञा

•

पहूरजवळ
८ मार्च २०२५

ताई, जय भीम.

आधी तुझी उत्तरं. अंगठा: लागला नाही. आता चौथं वर्ष. दुकानदार म्हणे, "यशोदाबाई, तुमच्या अंगठ्यावर रेषाच राहिल्या नाहीत." मावशी म्हणाली, "राहतील कशा? तुमच्या सगळ्यांचा कापूस वेचू वेचू गेल्या." तो म्हणाला तालुक्याला जा. तालुक्यात म्हणाले दुकानदाराकडं जा. गुडघा: चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प. धान्य भरपूर कुठून: सरव्यातून. दुसरं कुठून येणार? दिवसभर निंदायला गेलं तर दोनशे देतात, त्यात गॅस, दवाखाना आणि तुझ्या होस्टेलचा डबा. पोटात जातं ते वेचलेलंच. हे मी तुला खरं खरं लिहिलं, आता खूश?

आता ऐक. बन्सीलालभाऊनं मला बोलावलं. मला वाटलं, गेलो, आता लाथ बसणार. तर म्हणे, "हा बोर्ड तू लिहिला?"

मी म्हणालो, "नाही, हुकुमावरून लिहिला."

"अक्षर बरं आहे," म्हणाला. "तिकडच्या दोन शेतांना पण लिहून दे. राखणदार ठेवायची कटकट गेली."

बोर्डामागं शंभर! दहावी दोनदा नापास माणसाला अक्षराचे पैसे! मग त्याचं बघून दुसरे आले. सात बोर्ड झाले, ताई. सगळ्यांवर हसरी कवटी. म्हणजे शेतकरी खूश की राखण फुकटात झाली, आणि आपल्या बाया खूश की वाट मोकळी. दोन्हीकडून माझा फायदा. असा धंदा तुमच्या कॉलेजात शिकवतात का?

काल हिलालआबा आले. ते पारोळ्याकडचे, आपल्या पलीकडच्या नाल्याला गहू करतात, तुला आठवत असतील, पांढरी टोपी. म्हणाले, "ए पोऱ्या, माले बी एक बोर्ड लिखी दे."

मी म्हणालो, "आबा, कवटी हसरी चालेल?"

"हासो नही ते रडो," म्हणाले, "माले काय करनं शे?"

त्यांच्या बोर्डाची कवटी सगळ्यात झकास झाली. मिशा पण काढल्या.

पैशातून मावशीला चपला आणल्या. तिनं पेटीत ठेवल्या. म्हणे, प्रज्ञाच्या कॉलेजात नर्सांच्या शपथेचा, दिवा लावायचा कार्यक्रम असेल तेव्हा घालीन. तोवर अनवाणी. तुझी माय म्हणजे तुझी माय.

बोर्ड काढ म्हणालीस. आता कसे काढू? पैसे घेतलेत.

तुझा पेंटर भाऊ,
जीवन

•

धुळे
१५ मार्च २०२५

जीवन्या,

अभ्यास आहे, म्हणून थोडंच लिहिते.

बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण हिलालआबा कधी उगीच काही करत नाहीत. मी लहान असताना त्यांच्याकडे निंदायला गेले आहे. त्यांना बोर्ड हवा होता, तर त्यांनी शेतात खरंच काही टाकलंय का? हे तू त्यांना विचारलंस का? विचारलं नसशील तर आजच जाऊन विचार. आणि मायला सांग, विचारून होईपर्यंत तिकडं फिरकू नको.

चपलांसाठी मात्र तुला माफ केलं.

प्रज्ञा

•

१८ मार्च २०२५

ताई,

जय भीम. कशी आहेस? मी मजेत. मावशी मजेत. ती जळगावला आली आहे, एका नातेवाईकाला बघायला. मी सोबत आहे. इथं चहा भारी मिळतो, म्हणजे खरं तर पांचट मिळतो.

एक गंमत विचारायची होती. काल एक पिक्चर बघितला. त्यात एका बाईच्या पोटात उंदराचं औषध जातं, ते काळं-राखाडी, गव्हाला चोळून बिळात टाकतात ते. हिरोईन नाही, बाजूची बाई. तर तिला दुपारी उलट्या होतात, मग पोटात आग, मग नुसती पडून राहते, हात गार. डॉक्टर म्हणतो थांबा, बघू. पिक्चर तिथंच बंद पडला, डाटा संपला. माझी आणि मित्राची पैज लागली आहे. तो म्हणतो बाई वाचते. मी पण म्हणतो वाचते. म्हणजे पैज कशी लागली ते मला पण माहीत नाही.

तू नर्स, म्हणून विचारलं. किती दिवसांनी कळतं? काही उतारा असतो का? घुगऱ्या केल्या, म्हणजे गहू उकडला, तर जोर कमी होतो का? लवकर लिही. लवकर म्हणजे लवकर. पण अभ्यास सोडून नको लिहू.

मावशी म्हणते, पोरीचा पेपर चांगला जाऊ दे.

जीवन

•

धुळे
२२ मार्च २०२५

जीवन्या,

तुझं पत्र आज मिळालं. कसला पिक्चर बघतोस रे? पण उत्तर देते, परवा हाच विषय आहे, माझी उजळणी होईल.

त्या औषधाला उतारा नाही. पोट धुतात, सलाईन देतात, रक्तदाब सांभाळतात आणि वाट बघतात. पहिले दोन-तीन दिवस फार वाईट. त्यात हृदय, मग लिव्हर, किडनी. तीन दिवस काढले तर आशा धरायची, आठवडा काढला तर बहुतेक वाचते. पण वाचली म्हणजे पहिल्यासारखी झाली असं नाही. उकडल्यानं थोडं फार उडून जात असेल, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नये. किती खाल्लं, वय काय, आधी पोटात अन्न होतं का, यावर सगळं असतं. उपाशी बाई असेल तर जास्त वाईट.

आता माझा प्रश्न. पिक्चरातल्या बाईनं घुगऱ्या केल्या होत्या? कुठल्या पिक्चरात घुगऱ्या करतात?

आणि जळगावात आपलं कोण आजारी आहे?

रेक्टर मॅडमकडे मोबाईल मागितला. म्हणाल्या, परीक्षा झाली की. मी घाबरले नाहीये. तू नेहमीच असलं काहीतरी करतोस. पण या वेळी ही थट्टा असेल तर मला फार आवडेल, जीवन्या. एकदाच सांगते, थट्टाच असू दे.

प्रज्ञा

•

जळगाव, सिव्हिलच्या बाहेर
२६ मार्च २०२५

ताई,

पिक्चर नव्हता.

मावशी जिवंत आहे, हे आधी वाच. आज नववा दिवस. काल दोन चमचे पेज घेतली.

आता सगळं लिहितो. हिलालआबांचा गहू १५ तारखेला निघाला. १६ ला आणि १७ ला सकाळी बाया सरव्याला गेल्या. ओंब्या वेचल्या, ओट्यावर ढीग घातला, वाटल्या. त्यात काही नव्हतं. त्या सगळ्या ठीक आहेत. पण मावशीनं नाल्याच्या बांधाला उंदराचं बीळ उकरलं. तुला माहीत आहे, बिळातलं ढिगात घालत नाहीत, ते ज्याचं त्याचं. ओंब्या होत्या आणि सुटा गहू होता पसाभर. डोळ्यांनी तिला आता दिसतं किती? रंग कळला नाही. घरी येऊन दोन पाण्यांतून धुतला, घुगऱ्या केल्या, दुपारी खाल्ल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

माझ्यासाठी एक वाटी झाकून ठेवली होती. मी तेव्हा चौकात बन्सीलालभाऊचा आणखी एक बोर्ड रंगवत होतो. ती वाटी मग डॉक्टरांना नेऊन दाखवली, म्हणून त्यांना कळलं काय खाल्लं ते.

हिलालआबांनीच त्यांच्या जीपमध्ये घालून आणलं. रस्ताभर ते रडत होते. "मी ते बोर्ड लायेल व्हता ना! बठ्ठास्ना देखत लायेल व्हता!" सगळ्यांच्या देखत बोर्ड लावला होता, हेच परत परत. मी पुढच्या सीटवर.  उंदरांनी त्यांचं निम्मं पीक नेलं होतं, म्हणून त्यांनी खरंच टाकलं. म्हणून बोर्ड मागितला. फक्त त्यांचाच बोर्ड खरा होता आणि मी त्याला मिशा काढल्या.

मावशीनं जीपमध्ये एकदाच डोळे उघडले. मला म्हणाली, "अरे, कवटी त हसत होती ना रे?"

तुला मी कळवलं नाही असं म्हणू नको. रेक्टर मॅडमना फोन केला. म्हणालो, मॅडम, प्रज्ञाची आई सिरीयस आहे. त्या म्हणाल्या, "आज शिरा नको का?" ठेवला. परत केला. ठेवला. मग इथल्या एका सिस्टरला हात जोडले, तुम्ही बोला. त्या बोलल्या. मॅडम म्हणाल्या, "बायकांचा आवाज पण चांगला काढतोस रे." सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. मावशीला एकटं टाकून धुळ्याला यायचं धाडस झालं नाही. आणि खरं सांगू? तुझ्यासमोर यायचं पण झालं नाही. म्हणून पिक्चर लिहिला.

औषधाची केस म्हणून ठाण्यातून जमादार आले. मी चहा आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर कागद झालेला. त्यात लिहिलंय, "शेतात धोक्याची सूचना असल्याचे मला माहीत असूनही मी माझ्या मर्जीने धान्य घेण्यासाठी आत गेले." खाली मावशीचा अंगठा. ताई, रेशनच्या मशीनला जो अंगठा चार वर्षं दिसला नाही, तो त्या कागदावर पहिल्या दाबात उमटला, निळा, गोल, सगळा.

मी जमादारांच्या मागं गेटपर्यंत पळालो. म्हणालो, "साहेब, तो बोर्ड मी लिहिलाय. त्याच्यावर हसरी कवटी आहे. आमच्यात त्याचा अर्थ खोटा असा होतो. मीच सांगितलं होतं सगळ्यांना."

ते म्हणाले, "कुठल्या कायद्यात लिहिलंय हसऱ्या कवटीचं?"

"लिहिलेलं नाही, साहेब. पण मावशीची चूक नाही. माझी आहे."

"तू तोच ना रे, मोठे साहेब बोलतोय म्हणून ठाण्यात फोन करणारा?"

मी म्हणालो, "हो."

"मग आता कशावरून खरं बोलू राहिला?"

  मग त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि चांगल्या आवाजात म्हणाले, "पोरा, तुला आत घेतलं तर त्या बाईजवळ बसंल कोण? जा वर."

मी वर गेलो.

काल कपडे आणायला गावी गेलो, तर तुझी दोन पत्रं एकदम हातात आली. १५ तारखेचं पोस्टमननं घराच्या दाराखालून सरकवलं होतं. तू विचारलंस, हिलालआबांना विचारलं का. नाही विचारलं, ताई.

तुझा पेपर चालू असेल. मावशीनं शपथ घातली होती की पेपर होईपर्यंत कळवायचं नाही. मी ती पण मोडली.

जीवन

•

धुळे
२१ एप्रिल २०२५

जीवन,

शेवटचा पेपर देऊन आले तेव्हा रेक्टर मॅडमनी तुझं पत्र हातात दिलं. त्यांनी उघडलं नव्हतं. मी वाचून त्यांना वाचायला दिलं.  त्यांनी स्वतःच्या पर्समधून बसचे पैसे दिले.

मी पोहोचले तोवर माय सिव्हिलमधून घरी आली होती. मी वीस दिवस गावात होते. तू एकदाही समोर आला नाहीस. सकाळी दाराशी दूध ठेवलेलं असायचं, पाण्याची घागर भरलेली असायची. मला माहीत आहे कोण ठेवत होतं. मी बाहेर आले नाही, कारण आले असते तर काय बोलले असते ते मलाच माहीत नव्हतं.

माय नळापर्यंत जाते, परत येऊन बसते. हात थरथरतो. निंदायला, वेचायला यापुढे तिचा उपयोग नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय, सकस आहार, दूध, फळं. ती चिठ्ठी तिनं पेटीत जपून ठेवलीय. चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा म्हणाली, "चांगला माणूस होता व पोरी, डॉक्टर. जेवणाचं बोलला."

मी तालुक्याला जाऊन आले रेशनसाठी. डोळ्यांच्या मशीनवर होतं म्हणाले, मशीन आलं की कळवू. ठाण्यात जाऊन आले जबाब बदलायला. म्हणाले, निवेदन द्या. दिलं. शिक्का मारून एक प्रत मला दिली, ती माझ्याकडे आहे. बन्सीलालभाऊंकडे गेले. ते म्हणाले, वाईट झालं, पण बोर्ड तर होता. सगळे हेच म्हणतात. कुणी खोटं बोलत नाही, जीवन. भांडायला कुणी सापडतच नाही.

मायनं मला एकदाही तुझं नाव वाईट घेऊ दिलं नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

तिला मी इकडे आणते म्हणाले. ती म्हणाली, तुझ्या खोलीत चारजणी, मी कुठं मावू. मग मी एकटीच आले. तिच्याकडे बघायला तूच आहेस, दुसरं कोण आहे? म्हणून लिहितेय.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मला कळत नाही कोण बोलतंय. लिहायचं तर जे घडलं तेवढंच लिही. हसवू नकोस.

प्रज्ञा

•

पहूरजवळ
१७ मार्च २०२६

ताई,

जय भीम. वर्ष झालं. मधल्या काळात मी तुला फक्त मावशीची तब्येत लिहिली, दोन-दोन ओळी. आज जास्त लिहितो. जे घडलं तेवढंच.

मावशीला मी सकाळी भाकरी-भाजी देतो आणि चौकातल्या गॅरेजवर जातो. रंगाचा डबा टाकून दिला. तसंही आता पत्र्याचे बोर्ड कुणी लावत नाही. जळगावहून फ्लेक्स छापून येतात, एकसारखे, कवटी कॉम्प्युटरवरची. ती हसतही नाही, रडतही नाही. फर्दापूर रस्त्यापासून आपल्या नाल्यापर्यंत मी मोजले नाहीत, पण ज्याचा गहू आहे त्याचा बोर्ड आहे. हिलालआबांनी मात्र गहू सोडला. केळी लावली. म्हणतात, "केळीले सरवा नही, पाप बी नही."

काल बन्सीलालभाऊचा गहू निघाला. मशीन घाईत होतं, टोकांना वळताना खूप सांडलं. बांधावरून दिसत होतं, पिवळं पिवळं. सगळ्या बाया आल्या. मावशी पण आली. मी नको म्हणालो. म्हणाली, "वेचत नाही रे. बसते नुसती."

पण बोर्ड. खरा का खोटा? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भाऊकडं गेलो. ते ओट्यावर बसले होते.

मी म्हणालो, "भाऊ, औषध टाकलंय का खरंच?"

"बोर्डावर लिहिलंय ना."

"लिहिलंय. पण टाकलंय का?"

भाऊ म्हणाले, "मी टाकलं नाही म्हणालो, आणि शेजारच्याच्या शेतातला उंदीर काही घेऊन माझ्यात मेला, तर? तुमच्यातली एखादी पडली तर माझ्यावर येईल. मी हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. बोर्ड काय म्हणतो ते बघा." मग म्हणाले, "आणि पहिला बोर्ड तुझाच होता ना रे? मग तूच सांग की."

मी परत आलो. बायांना सांगितलं, कळत नाही.

तेव्हा पाखरं उतरली, होले. आधी दोन, मग वीस-पंचवीस, मग सगळं शेत. सांडलेला गहू टिपायला लागले. मावशी म्हणाली, "थांबा. पाखरं काय करतात बघू. पाखरं मेली नाहीत त मग जाऊ."

सगळ्या बसल्या. बांधाला रांगेत, पिशव्या मांडीवर.  एक होला जागेवर बसून राहिला, पंख पसरून, तर सगळ्या ताठ झाल्या. तो नुसता मातीत अंग घुसळत होता. मग परत टिपायला लागला. ऊन वर आलं. एक पोरगी म्हणाली, "आता जाऊ?" मावशी म्हणाली, "मला दुपारी खाल्ल्यावर लगेच काही झालं नव्हतं. अजून थांबा." सगळ्या थांबल्या. ती मरणाच्या दारात जाऊन आलेली.

मी पण बसलो, तिच्या शेजारी. मी पाखरांकडं बघत होतो आणि माझ्या मनात यायला लागलं की एखादं तरी पडावं. म्हणजे निदान कळेल. असं मनात आलं, ताई. ते पण घडलं, म्हणून लिहितो.

दोन वाजले. तीन वाजले. एकही पडलं नाही. बाया उठल्या, पदर खोचले.

तेवढ्यात वरच्या टोकाकडून ट्रॅक्टर आला, मागं रोटाव्हेटर. भाऊंचं आमच्याशी काही वाकडं नव्हतं, त्यांना मका टोबून पेरायचा होता, भाड्याचा ट्रॅक्टर तीनलाच मोकळा झाला. होले एकदम उडाले. ट्रॅक्टरवाला पोरगा आमच्याकडं बघून हसला, हात केला. एक फेरी, दोन फेऱ्या. पिवळं खाली गेलं, काळं वर आलं. आम्ही बांधावर उभे. कुणी आडवं गेलं नाही. आडवं जाऊन म्हणायचं काय, पडलेलं आमचं आहे?

चार वाजता शेत सगळं काळं झालं. बाया पिशव्यांच्या घड्या करायला लागल्या. मावशी उठेना. मी हात दिला. तिनं हात धरला, उभी राहिली, शेताकडं एकदा बघितलं.

म्हणाली, "एक पण मेलं नाही. म्हणजे चांगला होता गहू."

जीवन